खांद्यावरचा हात

आमच्या सूनबाईंनी माझं मीठ बंद केलं. डॉक्टरांनी नाही, सूनबाईंनी. का, तर शनिवारी माझा फोटो काढायचाय, आणि मीठ खाल्लं की डोळ्यांखाली सूज येते. ती सूज माझ्याकडे कित्येक वर्षं मुक्कामाला आहे, तिचं मिठाशी काही देणंघेणं नाही. पण सांगणार कोणाला? आळणी भाजी पुढ्यात सरकवून ती म्हणाली, "आई, शनिवारपर्यंतच."

नुसतं मीठ असतं तरी मी मूग गिळून बसले असते. पण रोज सकाळी नवा हुकूम. रेघारेघांचं घालायचं नाही, कॅमेऱ्यात ते थरथरतं म्हणे. पांढरं घालायचं नाही, चेहरा काळवंडतो. चष्म्याच्या काचांवर दिवे चमकतात, म्हणून नुसत्या काड्यांचा, बिनकाचांचा चष्मा आणून ठेवलेला. मी म्हटलं, "ह्यातून मला दिसणार काय?" तर म्हणे, "तुम्हाला कुठे काय बघायचंय आई, बघायचं तर बाकीच्यांना." शिवाय मान पुढे काढून हनुवटी खाली घ्यायची, म्हणजे गळ्याच्या वळ्या लपतात. आरशासमोर उभं करून तिने माझ्याकडून सराव करून घेतला. मी तिथे कासवासारखी मान काढून उभी, आणि ही मागून म्हणतेय, "अजून थोडी, अजून थोडी."

असं असूनही मला आतून बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? माझे आजवरचे फोटो म्हणजे ओळखपत्रावरचे. त्यात मी कायम पळून आलेल्या माणसासारखी दिसते. बाकी सगळ्या फोटोंत मी कडेला उभी, नाहीतर कोणाच्या तरी मागे. मुद्दाम माझाच, एकटीचा, दिवे लावून फोटो काढायचा म्हणजे काहीतरीच वाटत होतं, पण हवंहवंसंही वाटत होतं. चिरंजीव म्हणाले होते, "आठवण म्हणून गं आई. एक चांगला असू दे." चिरंजीव म्हणजे माझा मुलगा. एकुलता एक आहे, त्यामुळे मोठा, धाकटा, शहाणा, वेडा सगळं तोच.

मग मी जाकीट कापायला घेतलं. मी कटिंग मास्तर होते. गणवेश शिवायच्या कारखान्यात जन्म गेला माझा. नर्सा, पहारेकरी, बसचे ड्रायव्हर, शाळेतली पोरं, अर्ध्या शहराच्या अंगावर माझ्या कात्रीखालून गेलेलं कापड होतं. बाईमाणूस असूनही सगळे मला मास्तरच म्हणत. घरात आमचे हे सुद्धा. "मास्तर, चहा टाकू का?" असं विचारायचे. कारखान्यात ते मशीन दुरुस्त करायचे आणि घरात माझा मूड.

दोन वर्षांपूर्वी ते गेले. बैठकीच्या खोलीत त्यांचा फोटो आहे, काळ्या पातळ फ्रेममधला, मागे राखाडी रंग. फोटो चांगला आहे म्हणतात सगळे. मला तो पहिल्या दिवसापासून खुपतोय. त्यात त्यांचे दोन्ही खांदे सारखे आहेत. आमच्या ह्यांचे खांदे कधीच सारखे नव्हते. डावा खांदा जन्मापासूनच बोटभर खाली. त्यांचा प्रत्येक कोट मीच शिवला, आणि प्रत्येक कोटाच्या डाव्या खांद्यात मी आतून जादा गादी घातली, म्हणजे बाहेरून कोणाला कळू नये. फोटोतला कोट तर माझ्या निवृत्तीच्या दिवशीचा. त्या दिवशी ते एवढे घाईत होते की गादी उसवून निघालेला जुनाच कोट चढवून आले, म्हणून मी वैतागलेही होते. मग खांदे सरळ झाले कसे? तेव्हा मी सूनबाईंना विचारलं होतं. ती म्हणाली, "फोटोत होतं असं, आई." घरात माणसं भरलेली, माझं डोकं ठिकाणावर नाही. म्हटलं, होत असेल.

तर जाकीट. गडद वांगी रंगाचं, गळ्याशी बंद, आत मऊ अस्तर. शुक्रवारी दुपारी मी त्याची काजं करत बसले होते. तेवढ्यात फोन वाजला. स्टुडिओतली फोटोवाली होती. आवाज गोड, माणूस सरळ, तिचा ह्यात काही दोष नाही हे आधीच सांगते.

"काकू, तुमच्या मुलाचा फोन लागत नाहीये, म्हणून तुम्हाला त्रास दिला. एकच खात्री करायची होती. मागचा रंग राखाडीच ठेवायचा ना, आधीच्या फोटोसारखा?"

"कोणत्या आधीच्या?"

"काकांच्या. मीच केला होता तो. फ्रेमही तीच सांगितलीय, तेच माप, काळी पातळ पट्टी. दोन्ही शेजारी शेजारी जोडीने दिसायला हवेत असं तुमचा मुलगा म्हणाला होता."

मी म्हटलं, "हो, राखाडीच." आणि फोन ठेवला.

सुई हातातच होती. मी मान वर करून भिंतीकडे पाहिलं. ह्यांच्या फोटोशेजारी आमचं घड्याळ असायचं. गेल्या महिन्यात सूनबाईंनी ते समोरच्या भिंतीवर नेलं. म्हणे तिकडून नीट दिसतं. जुन्या जागी खिळा तेवढा राहिला होता. बरोबर फोटोच्या उंचीवर. इतके दिवस मी त्या खिळ्याकडे बघत चहा प्यायले आणि माझ्या टाळक्यात प्रकाश पडला नाही.

तळपायाची आग मस्तकात जाणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं. मरायला माझी हरकत नाही. वय झालंय, कधीतरी जायचंच आहे, त्याचं मला काही विशेष वाटत नाही. पण मला न सांगता? मीठ बंद करून, कासवासारखी मान काढायला लावून, वर "आठवण म्हणून" अशी थाप मारून? आयुष्यभर मी लोकांची मापं घेतली. समोर उभं करून, हात वर करा, श्वास सोडा, असं सांगून घेतली. कोणाचं माप मी चोरून घेतलं नाही. आणि माझंच माप माझ्या घरात माझ्या पाठीमागे घेतलं गेलं, फ्रेमसकट.

संध्याकाळी चिरंजीव घरी आले तेव्हा मी एक खुर्ची ओढून बरोबर त्या खिळ्याखाली बसले होते. पाठ भिंतीला, मान पुढे, हनुवटी खाली.

"हे काय?" तो म्हणाला.

"बघ, जागेत बसते का नीट. का थोडी डावीकडे सरकू?"

त्याचा चेहरा पडला. सूनबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आली, तीही दारातच थबकली. दोघं एकमेकांकडे बघायला लागली, आता कोणी तोंड उघडायचं म्हणून.

"आई, तसं काही नाहीये," तो म्हणाला.

"मग कसं आहे? राखाडी आहे ना? काळी पट्टी आहे ना? तुझ्या फोटोवालीने सगळं सांगितलं मला. तिला बिचारीला वाटलं, ज्या बाईचा फोटो आहे तिला तरी माहीत असेल."

तो बूटही न काढता समोर बसला. मग खाली बघत म्हणाला, "बाबा गेले तेव्हा काय झालं, तुला आठवत नसेल. तू आत होतीस. माणसं यायला लागली होती आणि मी जिन्यात उभा राहून फोनमध्ये त्यांचा फोटो शोधत होतो. एक धड फोटो नव्हता, आई. कुठे पाठमोरे, कुठे तोंडात घास, कुठे अर्धेच. मी शोधत होतो आणि मला रडू येत होतं, आणि स्टुडिओ बंद व्हायची वेळ झाली होती. तुझ्या वेळी मला तसं नाही करायचं. मला जमणार नाही ते."

आता खरं सांगायचं तर मी तिथेच विरघळले होते. आईच मी. जिन्यातला तो माझ्या डोळ्यांसमोर आला आणि माझा राग खाली बसायला लागला. म्हणणारही होते, जाऊ दे, जेवायला बसा. पण सूनबाईंना वाटलं आपणही थोडं सावरून घ्यावं.

"आणि त्यात तो हात काढायला किती वेळ गेला," ती म्हणाली. "म्हणून ह्या वेळी मी आधीच सांगून ठेवलंय, हात घ्यायचेच नाहीत. नुसता खांद्यापर्यंत."

"कोणता हात?" मी विचारलं.

सूनबाई परत हात पुसायला लागली.

"अरे, कोणाचा हात?"

"तुझा," चिरंजीव म्हणाले.

मी फोन मागितला. त्याने शोधून दिला, फार शोधावं लागलं नाही. माझ्या निवृत्तीचा दिवस. कारखान्याची भिंत, वर पंखा, कडेला कोणाचं तरी अर्धं डोकं. हे खुर्चीत बसलेत, तोच जुना कोट, आणि मी मागे उभी. माझा डावा हात त्यांच्या डाव्या खांद्यावर. त्या दिवशी ढीगभर फोटो निघाले होते. त्यातल्या एखाद्यात ते एकटे असतील आणि तोच भिंतीवर लागला असेल, असं मी दोन वर्षं धरून चालले होते. पण तोच हा फोटो. तोच चेहरा, तेच हसू. ते हसू माझ्यामुळे होतं. मी मागून म्हटलं होतं, "सरळ बसा, खांदा पडतोय," आणि ते म्हणाले होते, "तो पडतो म्हणून तर तुझा हात मिळतो, मास्तर."

त्या फोटोतून मला उडवलं होतं. वरून मागे राखाडी रंग फासला, आणि हात पुसल्यावर खाली खांदा उरेना म्हणून उजवा खांदाच उलटा करून डावीकडे चिकटवला. म्हणून ते सरळ.

"अख्खा फोटो होता ना? मग मला का काढलं?"

"आई, एकट्याचाच लागतो गं."

"कोणाला लागतो?"

"असतोच तसा. आणि..." तो अडखळला. सूनबाई हळूच म्हणाली, "आणि ते बोट. म्हणजे वाईट नाही वाटून घ्यायचं, पण नजर आधी तिकडेच जाते, आई."

माझ्या डाव्या हाताच्या पहिल्या बोटाचं पेर नाही. कापडाचे थर कापायच्या मशीनमध्ये गेलं, मी कारखान्यात नवी लागले होते तेव्हा. माझ्याच चुकीने, शेजारणीशी बोलत होते. सगळे ओरडत उभे राहिले. एक माणूस धावत आला, त्याने मशीन बंद केलं, स्वतःच्या शर्टाची बाही टराटरा फाडून माझ्या हाताला गुंडाळली आणि मला दवाखान्यात नेलं. नंतर रोज विचारायला यायचा, बोट कसं आहे. बोट बरं झालं तरी यायचा. पुढे लग्न झालं, आणि त्या बोटाला आम्ही नाव ठेवलं, मध्यस्थ. थंडीत ते ठणकायचं तेव्हा हे विचारायचे, "आपला मध्यस्थ काय म्हणतोय आज?" मी ते बोट कधी लपवलं नाही. लपवायचं सुचलंच नाही मला. लोक जोडवी मिरवतात, मी ते बोट मिरवलं.

आणि माझ्या पोटच्या पोराने ते पुसायला सांगितलं. अनोळखी बाईला.

मी ओरडले नाही. मला वाटलं होतं ओरडेन, पण आवाजच खाली गेला. म्हटलं, "दोन वर्षं मी त्या फोटोखाली बसतेय. दोन वर्षं मला वाटतंय, ह्यांच्यात काहीतरी चुकलंय, कुठेतरी हा माणूस माझा वाटत नाहीये. मला वाटलं, मीच विसरायला लागले की काय त्यांना. मी घाबरले होते रे. रोज बघून बघून माझ्या डोक्यातला त्यांचा खांदा सरळ व्हायला लागला होता. आणि मी वेडी नव्हते. तुम्ही मला त्यांच्या अंगावरून काढून टाकलं होतं."

तो रडायला लागला. मी थांबवलं नाही. रडू दे, म्हटलं, त्याच्याही वाट्याचं आहे थोडं.

जेवताना मी भाजीवर मीठ घेतलं. दोनदा.

सकाळी दोघांना वाटलं मी स्टुडिओत येणार नाही. मी सगळ्यांच्या आधी तयार होऊन दारात उभी. वांगी जाकीट, माझा स्वतःचा काचांचा चष्मा, केस जसे आहेत तसे. चिरंजीवांनी तयार कोट घातला होता, दुकानातून आणलेला. कॉलेजात गेल्यापासून त्याने मला माप दिलेलं नाही. म्हणे आईने शिवलेलं ओळखू येतं. येतंच. ते अंगाला बसतं म्हणून ओळखू येतं.

स्टुडिओ म्हणजे एक लांबट खोली. छताला राखाडी कागदाची मोठी गुंडाळी टांगलेली, तिचं टोक खाली जमिनीपर्यंत सोडलेलं. दोन बाजूंना छत्र्यांसारखे दिवे, मध्ये एक उंच स्टूल. फोटोवालीने माझ्या नाकावर पावडर थोपटली, कॉलर नीट केली आणि म्हणाली, "सुंदर आहे हे जाकीट, काकू. हात मांडीवर ठेवा, ते फोटोत येणार नाहीत."

"येणार आहेत," मी म्हटलं. कोपऱ्यात एक लाकडी खुर्ची होती. ती मी ओढत आणून कागदावर मध्ये ठेवली, तिच्या मागे उभी राहिले आणि डावा हात खुर्चीच्या पाठीवर ठेवला. "असा काढा."

तिने चिरंजीवांकडे पाहिलं. चिरंजीवांनी सूनबाईंकडे. मग तो म्हणाला, "आई, खुर्ची रिकामी दिसेल."

"रिकामीच आहे."

फोटोवालीने कॅमेरा उचलला, पुन्हा खाली ठेवला. तिचे डोळे भरले होते, पण कामाची बाई ती. म्हणाली, "काकू, काढते. पण दिवे जुळवायला मला समोर कोणीतरी बसलेलं लागेल, मिनिटभर." आणि तिने चिरंजीवांना खूण केली.

तो येऊन बसला. अवघडून, मान खाली घालून. मी हात ठेवला, कारण खुर्चीच्या पाठीवर आता जागाच नव्हती. डाव्या खांद्यावर.

खांदा बोटभर खाली होता.

मी दुसरा हात उजव्या खांद्यावर ठेवून पाहिला. दुकानाच्या कोटात दोन्हीकडे जाडजूड फोम भरलेला, वरून काही कळत नाही. पण तळव्याला कळतं. उजवा वर, डावा खाली, आणि डावीकडे कॉलर मानेपासून सुटलेली. शाळेत असताना माप घ्यायचे तेव्हा दोन्ही सारखे होते, आणि त्यानंतर इतकी वर्षं हा माणूस माझ्यासमोर उठतोय, बसतोय, पण हात लावल्याशिवाय मला ते कळलं नाही. मी उजवा हात काढला, डावा तसाच ठेवला.

"सरळ बस," मी म्हटलं.

"सरळच बसलोय."

"नाही बसलेला. खांदा पडतोय तुझा."

त्याने मान वळवून माझ्या हाताकडे पाहिलं. त्याच्या हनुवटीला ते तोकडं बोट लागलं. तो हसला की रडला ते मला सांगता येणार नाही, पण फोटोवालीने तेव्हाच बटण दाबलं.

"ते नुसतं दिव्यांसाठी होतं ना?" सूनबाईंनी विचारलं.

"हो," ती म्हणाली, "पण हा झाला."

निघताना मी तिला बाजूला घेतलं आणि चिरंजीवांच्या फोनमधला तो जुना फोटो तिला द्यायला लावला. म्हटलं, हा छापून दे. पंखा राहू दे, भिंत राहू दे, ते कोणाचं अर्धं डोकं आहे तेही राहू दे. काहीही पुसायचं नाही. ती म्हणाली, नाही पुसणार, आणि मला म्हणाली, मला तेव्हा कोणी सांगितलं नव्हतं काकू, हात कोणाचा ते. मी म्हटलं, मला ठाऊक आहे.

निवृत्तीच्या दिवसाचा तो फोटो छापून आला. चिरंजीवांनी राखाडी रंगाचा उतरवून त्याच जागी हा लावला आणि तो मागे सरकून उभा राहिला. मी चष्मा पुसून जवळून पाहिलं. डावा खांदा खाली. त्यावर माझा हात. मध्यस्थ आपल्या जागी.

सूनबाई मागे चुळबुळत होती. शेवटी म्हणालीच, "आई, पण गेलेल्या माणसाच्या जागी तुमचाही फोटो... म्हणजे तुम्ही तर अजून आहात."

"आहे तर. सोमवारी ह्याचं माप घ्यायचंय मला, कुठे जातेय." मग मी चिरंजीवांकडे वळले. "तुला माझ्या वेळी शोधाशोध नकोय ना? नको करूस. मी गेले की इथे काही हलवायचं नाही. फोटो हाच, फ्रेम हीच, खिळाही हाच. आणि त्या दुसऱ्या खिळ्यावर माझं घड्याळ परत लाव."

त्याने घड्याळ आणलं आणि लावलं.